हाँगकाँगला फिरायला जायचंय? भारतीय पासपोर्टवाल्यांनी पीएआर, लँडिंग स्लिप आणि पुढचं सगळं कसं करायचं

हाँगकाँगचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो, व्हिसा लागतो का? आणि यावर दहा जण दहा उत्तरं देतात. कोणी म्हणतं काही लागत नाही, बॅग भरा आणि निघा. कोणी म्हणतं चीनचा व्हिसा काढावा लागेल कारण हाँगकाँग आता चीनचंच आहे. दोन्ही चूक आहे. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं एकाच ठिकाणी, क्रमाने लिहितोय.

आधी थोडं मूळ समजून घ्या म्हणजे पुढचे नियम आपोआप डोक्यात बसतील. १ जुलै १९९७ ला ब्रिटनने हाँगकाँग चीनकडे दिलं, पण ते चीनच्या इतर शहरांसारखं शहर झालं नाही, तो विशेष प्रशासकीय प्रदेश आहे. म्हणजे चलन वेगळं, कस्टम्स वेगळं, आणि आपल्या कामाचं म्हणजे इमिग्रेशन खातं पण पूर्ण वेगळं. म्हणून चीनचा व्हिसा असला तरी त्यावर हाँगकाँगमध्ये एन्ट्री मिळत नाही, आणि हाँगकाँगची परवानगी घेऊन चीनमध्ये जाता येत नाही. शेजारचं मकाऊ, तो पण चीनचा असाच विशेष प्रदेश, तर अजून तिसरंच. तिघांची दारं वेगवेगळी आहेत हे लक्षात ठेवा, पुढे बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडेल.

आता आपल्याबद्दल. साधा भारतीय पासपोर्ट असेल तर पर्यटनासाठी एका वेळी जास्तीत जास्त १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. पण, आणि हा पण फार मोठा आहे, त्यासाठी घरून निघायच्या आधीच ऑनलाइन नोंदणी करावी लागते. तिला प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन म्हणतात, सगळे नुसतं पीएआर म्हणतात. २०१७ च्या आधी हे नव्हतं, तेव्हा आपण थेट जाऊन उभे राहू शकत होतो, २३ जानेवारी २०१७ पासून हे सक्तीचं झालं. त्यामुळे तुमचे काका किंवा ऑफिसमधले सिनियर सांगत असतील की आम्ही तर काहीच केलं नव्हतं, तर ते खरंच बोलतायत, फक्त ते जुनं झालं.

माझं या सगळ्यात एकच कळकळीचं सांगणं आहे. पीएआर आधी, तिकीट नंतर. लोक सेलमध्ये नॉन-रिफंडेबल तिकीट घेतात, हॉटेल बुक करतात, डिस्नेलँडचे पास काढतात आणि मग निघायच्या आठवड्यात फॉर्म भरायला बसतात. बहुतेकांचं होऊन जातं हे खरं आहे, पण ज्याचं होत नाही त्याला मग रीतसर व्हिसाचा अर्ज करावा लागतो आणि त्याला सगळे कागद पोचल्यापासून साधारण चार आठवडे धरून चालायचं. तेवढा वेळ हातात नसेल तर सगळे पैसे अडकले. फॉर्म फुकट आहे, थोड्या मिनिटांचा आहे, आणि मंजूर झालेली नोंदणी ६ महिने चालते, मग ती शेवटी ठेवायचं काही कारणच नाही ना.

पासपोर्ट हातात घ्या आणि नीट बघा

फॉर्म उघडायच्या आधी पासपोर्ट काढून समोर ठेवा. पीएआर भरताना त्याची मुदत किमान ६ महिने शिल्लक असावी लागते. आणि पीएआर जरी ६ महिन्यांचं असलं तरी पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर पीएआर पण तिथेच संपतं. पासपोर्ट रिन्यू करायचाच असेल तर तो आधी करून घ्या, कारण नंबर बदलला की जुनी नोंदणी कामाची नाही, नवीन पासपोर्टवर नव्याने भरावी लागते.

दुसरी गोष्ट नावाची, आणि इथे आपल्या मराठी लोकांनी जरा जास्त लक्ष द्यायला हवं. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन भागांची पद्धत, आणि बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं एकत्र छापलेली असतात. काहींच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव त्या रकान्यात नसतंच. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं तर आधार कार्डावर एक आणि पासपोर्टवर दुसरं असं पण असतं. इथे फक्त पासपोर्ट मानायचा. त्यावर जसं छापलंय तसं, त्याच स्पेलिंगने, त्याच रकान्यात. शंका आली तर पासपोर्टच्या फोटोच्या पानावर सगळ्यात खाली ज्या दोन ओळी बाणासारख्या खुणांनी भरलेल्या असतात त्या बघा, मशीन तेच वाचतं. तिकिटावर पण हेच नाव असलं पाहिजे.

पीएआरचा फॉर्म

फॉर्म हाँगकाँग सरकारच्या स्वतःच्या वेबसाइटवरच भरायचा. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट एचके असतं, ते तपासल्याशिवाय एक अक्षर पण टाइप करू नका. हे एवढ्यासाठी सांगतोय की सर्च केलं की वर वर ज्या साइट दिसतात त्यातल्या बऱ्याच खाजगी असतात, दिसायला अगदी सरकारी, आणि त्या ह्याच फुकटच्या फॉर्मचे पैसे घेतात. खऱ्या पीएआरला एक रुपया पण फी नाही. कार्डची माहिती मागितली म्हणजे तुम्ही चुकीच्या जागी आलात असं समजा आणि बंद करा. पैशापेक्षा जास्त धोका म्हणजे तुमच्या पासपोर्टची सगळी माहिती कुणाच्या हातात जाते ते कळत नाही.

फॉर्ममध्ये तुमची वैयक्तिक माहिती, पासपोर्टचा तपशील आणि प्रवासाबद्दल विचारतात. घाई न करता भरा, पण मध्येच उठून जेवायला जाऊ नका. प्रत्येक माणसाचं पीएआर वेगळं लागतं, तान्ह्या बाळाचं सुद्धा, फक्त लहान मुलांचा फॉर्म आईवडील भरू शकतात. चार जणांचं कुटुंब म्हणजे चार फॉर्म. माझा सल्ला असा की एकाने सगळ्यांचे भरावेत आणि दुसऱ्याने बाजूला बसून पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, मुदत संपायची तारीख मोठ्याने वाचून तपासावी. तारखेत दिवस आणि महिना उलटा होणं, शून्य आणि इंग्रजी ओ मध्ये गडबड, असल्या बारीक चुका इथेच पकडल्या गेल्या पाहिजेत, विमानतळावर नाही.

सबमिट केलं की निकाल सिस्टीम तिथल्या तिथेच दाखवते, आठवडाभर वाट बघायची गरज नाही. यशस्वी झालं तर नोटिफिकेशन स्लिप येते. ती साध्या पांढऱ्या ए-फोर कागदावर प्रिंट काढायची, त्यावर सही करायची आणि पासपोर्टसोबत ठेवायची. मोबाइलमध्ये पीडीएफ असणं चांगलंच, पण त्याच्या भरवशावर राहू नका, कागद लागतो. मी तर म्हणेन दोन प्रिंट काढा, एक हँडबॅगेत आणि एक चेक-इन बॅगेत. आणि स्लिपवरचा तपशील पासपोर्टशी परत एकदा जुळवून बघा, चूक दिसली तर तशीच नेऊ नका, बरोबर माहिती टाकून नवीन नोंदणी करा.

ही स्लिप म्हणजे व्हिसा नाही. ती दाखवून विमानात बसता येतं आणि हाँगकाँगच्या काउंटरपर्यंत पोचता येतं, आत घ्यायचं की नाही हा निर्णय तिथला अधिकारीच घेतो. त्या ६ महिन्यांत एकापेक्षा जास्त वेळा जाता येतं, प्रत्येक वेळी वेगळे १४ दिवसांपर्यंत.

पीएआर यशस्वी झालं नाही तर घाबरून एजंटकडे धावू नका. याचा अर्थ तुमच्यावर काही ठपका आला असा नाही. रस्ता एवढाच की हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्याकडे थेट व्हिजिट व्हिसासाठी अर्ज करायचा, आता तो ऑनलाइन करता येतो आणि मंजूर झाल्यावर व्हिसा पण इलेक्ट्रॉनिकच मिळतो. म्हणूनच मघाशी म्हटलं, तिकीट नंतर.

कोणाला पीएआर लागत नाही

डिप्लोमॅटिक किंवा ऑफिशियल पासपोर्टवाल्यांना लागत नाही, आणि ज्यांच्याकडे हाँगकाँगचा व्हिसा आधीच आहे त्यांना अर्थातच नाही. घरात कोणी परदेशी नागरिक असेल, म्हणजे ओसीआय कार्डवाले, तर त्यांचे नियम त्यांच्या पासपोर्टच्या देशाप्रमाणे. ब्रिटिश पासपोर्टवाल्याला ६ महिने, अमेरिकन पासपोर्टवाल्याला ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. सुनेचा पासपोर्ट अमेरिकन आणि सासूबाईंचा भारतीय असेल तर सासूबाईंना पीएआर लागणार, एकत्र प्रवास करतोय म्हणून सूट मिळत नाही.

ट्रान्झिटचा मुद्दा जरा नीट वाचा. हाँगकाँगला फक्त विमान बदलायचंय आणि तुम्ही विमानतळाच्या ट्रान्झिट भागातून बाहेरच पडणार नाही, तर पीएआर नको. पण दोन वेगवेगळी स्वस्तातली तिकिटं काढली असतील आणि बॅगा बाहेर जाऊन उचलून परत चेक-इन करायच्या असतील तर तुम्हाला इमिग्रेशन पार करावंच लागणार, म्हणजे पीएआर हवंच. मधे आठ-दहा तास आहेत तर शहर बघून येऊ असा विचार असेल तरी हवंच. बुकिंग करतानाच विचारून घ्या की बॅगा शेवटच्या मुक्कामापर्यंत थेट जातात का.

फाइलमध्ये काय ठेवायचं

भारतातल्या विमानतळावर चेक-इन काउंटरवरच पीएआरची स्लिप मागतात. नसेल तर एअरलाइन बोर्डिंग देत नाही, कारण उद्या तुम्हाला परत पाठवलं तर ते निस्तरणं त्यांच्यावर येतं. स्लिपसोबत परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, आणि राहण्याखाण्यापुरते पैसे आहेत हे दाखवता येईल असं काहीतरी ठेवा, म्हणजे फॉरेक्स कार्ड, क्रेडिट कार्ड, बँक स्टेटमेंट. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून ठेवा, शक्य असेल तर त्यांचं पत्र पण घ्या. नोकरीवाल्यांनी रजेचं पत्र ठेवलं तर बरं, कायम मागतात असं नाही पण एकट्याने जाणाऱ्या तरुण मुलांना जास्त प्रश्न विचारले जाऊ शकतात, तेव्हा ते कामी येतं. आई किंवा वडील एकटेच मुलांना घेऊन जात असतील तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र ठेवा.

उतरल्यावर

विमानात अरायव्हल कार्ड कधी वाटणार म्हणून वाट बघू नका, १६ ऑक्टोबर २०२४ पासून हाँगकाँगने ते बंद केलंय. उतरलं की अरायव्हलच्या पाट्या धरून चालायचं आणि व्हिजिटर्सच्या रांगेत उभं राहायचं. पासपोर्ट आणि स्लिप हातात, टोपी-गॉगल काढलेले.

प्रश्न साधे असतात. कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, परत कधी. उत्तर छोटं आणि खरं द्यायचं. इंग्रजी अस्खलित नसेल तरी काही बिघडत नाही, फाइल उघडून हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट दाखवा, ते पुरतं. टूरवाल्याने सगळं केलंय, मला काही माहीत नाही, असं मात्र म्हणू नका. आपल्या आईबाबांना पाठवत असाल तर हॉटेलचं नाव आणि परतीची तारीख त्यांच्याकडून पाठच करून घ्या.

आता लँडिंग स्लिप. पासपोर्टवर शिक्का शोधत बसू नका, हाँगकाँगने २०१३ पासून शिक्के मारणं बंद केलंय. त्याऐवजी एक छोटीशी पांढरी चिठ्ठी देतात, दुकानातल्या बिलाएवढी, तिच्यावर तुमचं नाव आणि कोणत्या तारखेपर्यंत राहायची परवानगी आहे ते छापलेलं असतं. लोक ती बोर्डिंग पासबरोबर कचऱ्यात टाकतात. टाकू नका! तुम्ही कायदेशीर आलात आणि कधीपर्यंत राहू शकता याचा तोच पुरावा आहे. हॉटेलच्या चेक-इनला मागू शकतात, दुकानात टॅक्स वगैरे काही नसतो त्यामुळे तिथे लागत नाही, पण पासपोर्टच्या कव्हरमध्ये कायम ठेवा. मिळाल्या मिळाल्या मोबाइलवर फोटो काढून घेतला तर उत्तम. आणि १४ दिवस स्वतःच्या बोटांवर मोजू नका, चिठ्ठीवर जी तारीख आहे तीच खरी.

त्या तारखेच्या पुढे एक दिवस पण राहायचं नाही. मुदत ओलांडणं किंवा पर्यटक म्हणून येऊन काम करणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, ५०,००० हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड आणि २ वर्षांपर्यंत तुरुंग. काम म्हणजे बिनपगारी काम पण आलं, मित्राच्या हॉटेलात सहज हात लावला ते सुद्धा. शिकायला प्रवेश घेणं, धंदा सुरू करणं हे पण पर्यटकाला चालत नाही. कुणी तुम्हाला म्हणालं की आधी टुरिस्ट म्हणून ये, मग नोकरीचं बघू, तर त्या माणसापासून लांब राहा. असल्या शब्दांवर विसंबून कर्ज काढून जाणारी माणसं असतात आणि त्यांचं फार वाईट होतं.

सामानात काय नको

इथे आपले लोक नकळत अडकतात म्हणून जरा सविस्तर. ई-सिगारेट, व्हेप, गरम करून ओढायच्या तंबाखूच्या कांड्या, हे सगळं ३० एप्रिल २०२२ पासून आणायला बंदी आहे, स्वतःच्या वापरासाठी असलं तरी. साध्या सिगारेट १८ वर्षांवरच्या माणसाला ड्युटी न भरता फक्त १९ नेता येतात. हो, १९, म्हणजे वीसचं न फोडलेलं पाकीट सुद्धा बसत नाही, त्यामुळे ड्युटी फ्री मधून अख्खा कार्टन घेऊ नका. ३० टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेली दारू १ लिटर.

पेपर स्प्रे! बऱ्याच मुलींच्या पर्समध्ये असतो आणि लक्षातच राहत नाही. हाँगकाँगमध्ये तो आणि शॉक देणारं यंत्र शस्त्रात मोजतात, विना परवाना बाळगणं गुन्हा आहे. रिकाम्या काडतुसाचं कीचेन पण नको. सीबीडी (गांजाच्या झाडातला एक घटक) असलेलं तेल, क्रीम, गोळ्या हे १ फेब्रुवारी २०२३ पासून अंमली पदार्थात धरलं जातं, दुसऱ्या देशात दुकानात मिळतं म्हणून इथे चालत नाही. कच्चं मांस, चिकन, अंडी सर्टिफिकेटशिवाय नेऊ नका. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणि मूळ पाकिटातच ठेवा. आणि अनोळखी माणसाने दिलेलं पार्सल, कितीही गोड बोलला तरी, घ्यायचं नाही, अंमली पदार्थांच्या गुन्ह्याला तिथे खूप कडक शिक्षा आहे.

रोख रक्कम १,२०,००० हाँगकाँग डॉलरपेक्षा जास्त असेल तर कस्टम्सला लेखी सांगावं लागतं. पर्यटकाकडे एवढी नसतेच, पण कुटुंबाचे सगळे पैसे एकाकडे दिले असतील तर ध्यानात असू द्या.

मकाऊ आणि शेनझेन

हाँगकाँगला गेलेला माणूस मकाऊला जातोच. फेरी बोटीने साधारण तासाभरात पोचता येतं, नाहीतर २०१८ मध्ये सुरू झालेल्या ५५ किलोमीटरच्या पुलावरून बसने. भारतीय पासपोर्टला मकाऊमध्ये ३० दिवस व्हिसा लागत नाही, वेगळी नोंदणी पण नाही. पण जाताना तुम्ही हाँगकाँगमधून बाहेर पडता, मकाऊत शिरता, आणि परत येताना हाँगकाँगमध्ये नव्याने शिरता. म्हणजे पासपोर्ट, पीएआरची स्लिप आणि परतीच्या विमानाचं तिकीट दिवसभराच्या सहलीला पण बरोबर हवं. हॉटेलच्या तिजोरीत ठेवून आलात तर फेरीच्या धक्क्यावरूनच मागे फिरावं लागेल. परत आल्यावर नवी लँडिंग स्लिप मिळते आणि आता तीच लागू, जुनी विसरा. मात्र १४ दिवस संपले की मकाऊला जाऊन परत यायचं आणि असं करत महिनोन्‌महिने राहायचं, हा खेळ करू नका, अधिकारी प्रवेश नाकारू शकतो.

शेनझेन मेट्रोने अगदी जवळ दिसतं, पण ती चीनची मुख्य भूमी आहे आणि तिथे चीनचा व्हिसा लागतो, तो भारतातूनच काढून जा. हाँगकाँगहून चीनला जाणारी बुलेट ट्रेन जिथून सुटते त्या वेस्ट काउलून स्टेशनवर तर चीनच्या तपासणीचा भाग हाँगकाँगच्या स्टेशनच्या आतच आहे, त्यामुळे व्हिसा नसताना बुलेट ट्रेनचं तिकीट काढून काहीही उपयोग नाही.

पासपोर्ट हरवला तर

हाँगकाँगमध्ये ओळखपत्र जवळ असावं लागतं आणि पर्यटकाचं ओळखपत्र म्हणजे पासपोर्ट, पोलीस रस्त्यात विचारू शकतात. त्यामुळे तो अंगावरच, आतल्या खिशात ठेवा. फोटोचं पान, शेवटचं पान, पीएआर स्लिप आणि लँडिंग स्लिप यांचे फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा आणि घरी एकाला द्या. हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, मग ती घेऊन भारतीय वाणिज्य दूतावासात जा, तिथे भारतात परतण्यापुरता तात्पुरता कागद मिळतो, त्याला इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणतात. त्यानंतर हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्याला पण कळवायचं, कारण तुमची राहायची मुदत जुन्या पासपोर्टच्या नोंदीवर आहे. या सगळ्यात विमान चुकणार असेल आणि चिठ्ठीवरची तारीख उलटणार असेल तर ती तारीख उलटायच्या आधीच त्यांच्याकडे जाऊन मुदतवाढ मागा. जाताना पोलीस तक्रारीची प्रत, पासपोर्टच्या पानाची झेरॉक्स, दोन-चार पासपोर्ट साइज फोटो आणि नव्या तारखेचं तिकीट बरोबर न्या. हे फोटो भारतातूनच पाकिटात घालून न्या.